मुचकुंद तोडायचा ठराव येतोय, ठाण्यातल्या जाणकारांनो माहिती हवी आहे

शुक्रतारा · ११ मार्च, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

वसंत विहारच्या बाजूला आमची जुनी सोसायटी आहे. मागच्या गेटपाशी, पार्किंगच्या कडेला एक मोठं झाड आहे, चौथ्या मजल्याच्याही वर गेलेलं. मुचकुंदाचं आहे असं पूर्वीचे माळीकाका सांगायचे. सोसायटीत मात्र "ते मोठ्या पानांचं झाड" एवढीच त्याची ओळख. या महिनाअखेरीस सर्वसाधारण सभा आहे आणि विषयपत्रिकेत "त्रासदायक झाड काढणे" असा विषय लागलाय.

तक्रारी अशा आहेत. पानं पन्हाळीच्या आणि गटाराच्या जाळीवर बसली की पाणी तुंबतं. कडक लाकडी फळं गाड्यांवर पडतात. फुलांचा खच कुजला की फरशी निसरडी होते. रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी भिंतीवर डाग दिसतात. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणतात की तपकिरी भुकटी हातापायांना लागून खाज सुटते. यातली एकही तक्रार खोटी नाही. पण या सगळ्यांवर झाड पाडणं हा एकच उपाय आहे हे मला पटत नाही, आणि सभेत नुसतं "झाड वाचवा" म्हणून भागणार नाही. मुद्देसूद बोलायचंय.

आत्ता लिहिताना आज सकाळी उचललेलं एक फूल समोर आहे. बाहेरून पाच लांब, जाडसर, तपकिरी मखमली पट्ट्या मागे वळलेल्या. आतून त्याच पट्ट्या फिकट पिवळसर. मध्ये पांढऱ्या पाकळ्या, आता कडेने तांबूस पडायला लागलेल्या. झाडावरची कळी बोटापेक्षा लांब असते आणि उमलताना सोललेल्या केळ्यासारखी दिसते. दिवसभर टेबलावर राहूनही वास गेलेला नाही. खोलीत येणारा प्रत्येक जण विचारतोय की कसला सुगंध येतोय. याच फुलांचे ढीग आमच्याकडे रोज कचऱ्याच्या डब्यात जातात.

कुणाला या झाडाची नीट माहिती असेल तर कृपया लिहा. कायद्याचंही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

येऊरचा_वाटाड्या · ११ मार्च, रात्री ११:०५

पानाचा देठ कुठे जोडलाय ते बघाल का? कडेला, की थोडा आत? आणि पान उलटं केल्यावर रंग कसा दिसतो?

शुक्रतारा · ११ मार्च, रात्री ११:१८

देठ कडेपासून थोडा आत, पानाच्या पाठीला जोडलेला आहे. पाठ पांढुरकी-राखाडी, हात फिरवला की मऊ लागते. पान माझ्या पंजाच्या दुपटीहून मोठं आहे, कडा वेड्यावाकड्या.

येऊरचा_वाटाड्या · १२ मार्च, सकाळी ६:५०

मग शंका नको. टेरोस्पर्मम असेरिफोलियम. मुचकुंद म्हणतात, कनकचंपाही म्हणतात.

हा सगळा वंशच आशियातला. भारत, श्रीलंका, म्यानमारपासून दक्षिण चीन, इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत याच्या तीस-चाळीस जाती पसरल्यात. तुमच्याकडची जात मूळची हिमालयाच्या पायथ्याची, बंगालची, ईशान्य भारताची आणि म्यानमारची. लिनियसने १७५३ साली तिचं वर्णन केलं ते पेंटापेटिस या वंशात. पुढे विल्डेनोने तिला टेरोस्पर्मममध्ये आणलं. जुन्या वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत कुळ स्टर्क्युलिएसी लिहिलेलं सापडेल. १९९८ नंतर डीएनएच्या आधारे जी नवी मांडणी झाली तिच्यात हे कुळ, सावरीचं कुळ आणि फालशा-धामणीचं कुळ ही तिन्ही जास्वंदीच्या कुळात, म्हणजे माल्व्हेसीत, सामावली गेली. त्यामुळे भेंडी, कापूस, अंबाडी, काटेसावर, गोरखचिंच आणि येऊरच्या वाटेवर पिळलेल्या शेंगा धरणारी मुरुडशेंग, हे सगळे मुचकुंदाचे भाऊबंद.

नातं फुलात दिसतं. जास्वंदीचे पुंकेसर एका नळीवर बसलेले असतात हे आपण शाळेत पाहिलंय. तुमच्या टेबलावरच्या फुलाच्या पाकळ्या हलक्या हाताने बाजूला करा. मधोमध एक दांडा आहे आणि त्याच्या टोकाला केसरांचा झुबका. पुंकेसर पंधरा, तीन-तीनच्या पाच गटांत. आणि प्रत्येक दोन गटांच्या मध्ये एक वांझ केसर, ज्यात पराग नसतात. असे पाच. भिंग असेल तर उत्तमच, नसलं तरी मोजता येतात.

फूल रात्रीचं आहे. अंधार पडायच्या सुमारास उमलतं, रात्री गंध सोडतं. पांढरा रंग, जड सुवास आणि भरपूर मध हा सगळा थाट पतंगांसाठी आणि वटवाघळांसाठी. आपण मंडळी सकाळी खाली पडलेला सडा बघतो आणि त्यावरून झाडाबद्दल मत बनवतो. एकदा रात्री साडेआठ-नऊला गच्चीवर जाऊन, वरून झाड बघा. सभेतल्या दोन-चार जणांना सोबत नेलंत तर आणखी चांगलं.

फळाबद्दल एक कामाची गोष्ट. फुलापासून पिकलेलं फळ व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. आत्ता फुलांच्या जोडीला जी टणक, पाच कंगोऱ्यांची फळं दिसतात ती मागच्या हंगामाची. ती झाडावरच उकलतात, पंखवाल्या बिया वाऱ्याबरोबर जातात आणि रिकामी टरफलं नंतर पडतात. म्हणजे कुठल्या फांदीवरून काय पडणार हे कित्येक महिने आधी दिसत असतं. पार्किंगवर आलेल्या फांद्यांचं नियोजन त्यावरून करता येतं.

शुक्रतारा · १२ मार्च, सकाळी ८:३०

पंधरा आणि पाच, अगदी बरोबर! मुलीने मोजले. खूप खूप आभार.

नौपाड्याची_लेक · १२ मार्च, सकाळी ९:१२

आमच्या आजीच्या लाकडी कपाटात साड्यांच्या घड्यांत ही सुकलेली फुलं असायची. कसर लागू नये म्हणून. वर्षभर वास टिकायचा. ती कुठून आणायची ते मात्र विचारायचं राहून गेलं. धागा वाचून आज त्याची आठवण झाली.

कोलशेतकर · १२ मार्च, सकाळी १०:०१

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. आमच्या आवारातही हे झाड होतं. त्याचं फळ माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर पडलं आणि काच तडकली. विम्यातून काही मिळालं, बाकी खिशातून. त्या जागी एखादं लहान मूल उभं असतं तर? झाडं हवीत, मीही लावतो, पण इमारतीला खेटून एवढी मोठी झाडं लावणाऱ्यांनी विचार करायला हवा होता. माणसाचा जीव आधी.

येऊरचा_वाटाड्या · १२ मार्च, दुपारी १:४०

कोलशेतकर, तुमची काळजी रास्त आहे आणि शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. हे झाड पंचवीस-तीस मीटरपर्यंत जातं. रोप हातभर असताना त्याच्या पानांच्या सौंदर्यावर भुलून ते भिंतीला लागून लावलं जातं आणि वीस वर्षांनी दोष झाडाला मिळतो. पण लागलेलं, वाढलेलं झाड हा वेगळा प्रश्न. तिथे पहिला विचार गाडी हलवण्याचा, दुसरा फांदी हलकी करण्याचा आणि झाड काढण्याचा अगदी शेवटी. बुंधा पोकळ असेल, झाड कललं असेल, मुळं उघडी पडली असतील तर गोष्ट निराळी. ते जाणकाराकडून तपासून घ्यावं, नुसत्या नजरेने ठरवू नये.

सह्यकडा · १२ मार्च, संध्याकाळी ७:२५

येऊरच्या_वाटाड्यांनी स्वतःच लिहिलंय की झाड हिमालयाच्या पायथ्याचं आहे. मग ठाण्यात त्याचं एवढं कौतुक कशाला? आपल्या डोंगरात याच कुळातली एकाहून एक झाडं आहेत. कौशी बघा, कांडोळ बघा, काटेसावर बघा. कुणीही रोपवाटिकेत ती मागत नाही, म्हणून कुणी ठेवतही नाही. माझा आग्रह एवढाच की नवी लागवड स्थानिक झाडांची व्हावी.

कौशीबद्दल लिहितो, कारण आत्ता तिचाच हंगाम आहे आणि बहुतेक ठाणेकरांनी तिला पाहिलेलंच नाही. वर्षभर जंगलात ती ओळखूही येत नाही. थंडी सरली की पानं पूर्ण गळतात आणि उघड्या फांद्यांवर शेंदरी-पोवळी रंगाच्या नळीदार फुलांचे घोस लागतात. या फुलांना पाकळ्याच नसतात, रंग असतो तो निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाचा. नळीवर बारीक लव. शिंजीर सकाळपासून त्यावर तुटून पडतात, बुलबुल येतात, खारीही येतात. पुढचं आणखी नवलाचं: फळ पिकायच्या आधीच उकलतं आणि पातळ पापुद्र्याच्या पानाचं रूप घेतं, त्याच्या कडेला दोन-चार बिया उघड्यावर चिकटलेल्या. हिरव्या-तांबूस पापुद्र्यातून ऊन आरपार दिसतं. एवढं देखणं झाड आपल्या उंबऱ्यावर असताना रस्त्याकडेला मात्र आपण बाहेरची झाडं लावतो, याचं वाईट वाटतं.

गच्चीवरची_बाग · १२ मार्च, रात्री ८:०२

+१. कौशीचा फोटो कुणी टाकेल का?

येऊरचा_वाटाड्या · १२ मार्च, रात्री ९:३०

सह्यकडा, कौशीवर फार सुंदर लिहिलंत. डोंगरावर, जंगलाच्या कडेला लागवड करताना तुमचाच नियम हवा, त्यात तडजोड नको. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून तर मुचकुंदही लावू नये असं मी म्हणेन.

पण शहरातल्या रस्त्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. ठाण्याच्या रस्त्यांवरची नेहमीची झाडं आठवा. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, सोनमोहर आग्नेय आशियातला. त्यांच्या मानाने मुचकुंद घरचा म्हणावा लागेल. याच वंशातल्या काही जाती पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात रानात वाढतात. शिवाय शुक्रताराताईंचा प्रश्न नव्या लागवडीचा नाहीच. तीस वर्षं उभं असलेलं झाड पाडून त्या जागी कौशीचं रोप लावलं, तर ते फुलायला लागेपर्यंत मधली सगळी वर्षं त्या आवारात सावली नाही, फूल नाही, पतंग नाहीत.

सह्यकडा · १२ मार्च, रात्री ९:५५

उभं झाड तोडा असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. मुद्दा नव्या खड्ड्यांचाच आहे.

वैद्यबुवा_कळवा · १३ मार्च, सकाळी ७:१५

औषधाच्या अंगाने दोन शब्द. काष्ठौषधीच्या दुकानात "मुचकुंद" म्हणून सुकी फुलं मिळतात. ती या जातीची असतात, तशीच दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या तिच्या बहिणीचीही, टेरोस्पर्मम सुबेरिफोलियमची. तिची पानं बरीच लहान, लांबट आणि टोकाकडे दातेरी, फुलंही लहान. आयुर्वेदात मुचकुंदपुष्पाचा मुख्य उपयोग डोकेदुखीवरच्या लेपात. पार्किंगमध्ये पडलेली, धूळ-तेल लागलेली फुलं उचलून लेप करू नका, हे मुद्दाम लिहितोय. लेप करायचाच तर वैद्याला विचारून.

पानाखालची लव पूर्वी डोंगराळ भागातले लोक जखमेवर रक्त थांबवायला दाबायचे, आणि चकमकीने ठिणगी पाडताना कापसाच्या जागी वापरायचे. पानांवर जेवणं व्हायची, तंबाखू बांधली जायची. केवढं उपयोगी झाड!

मावशींच्या खाजेचं म्हणाल तर ती या लवेचीच. कळीवर, फळावर, कोवळ्या फांदीवर सगळीकडे बारीक चांदणीच्या आकाराचे केस असतात, ते सुटून उडतात. कोरडं झाडण्याऐवजी आधी पाण्याचा हलका शिडकावा मारावा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकावर रुमाल असावा. फार साधी गोष्ट आहे, सोसायटीने मावशींना एवढं पुरवायलाच हवं, झाड असो वा नसो.

पारसिक_पायथा · १३ मार्च, सकाळी ११:४०

वटवाघळांच्या डागांबद्दल. भिंतीवरचे डाग नीट बघा, त्यात बारीक बिया दिसतात का? दिसत असतील तर ते वड, उंबर, पिंपळ अशा कुठल्या तरी फळाचे आहेत. मुचकुंदाला गर असलेलं फळच नसतं. फळं खाणारी छोटी वटवाघळं तिथे येतात ती फक्त फुलातल्या मधासाठी. उंबराचं फळ दुसरीकडून तोंडात धरून आणतात, निवांत लटकून चावतात आणि चोथा थुंकतात. त्यामुळे मुचकुंद गेला तरी डाग राहतील, कारण ती पुढच्या झाडावर किंवा तुमच्या जिन्याच्या छताखाली लटकतील.

तीच वटवाघळं रात्रभर बिया पसरवतात, फुलांचे पराग नेतात. लोक उगाच घाबरतात. त्यांना हात लावायला जायचं नाही, जमिनीवर पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने उचलायचं नाही, इतकी काळजी पुरे.

आणि कुणी सभेत दम्याचा मुद्दा काढला तर हे सांगा: परागकण वाऱ्यावर उधळतात ती झाडं-गवतं वेगळी. पतंग आणि वटवाघळांवर अवलंबून असलेल्या फुलांचे पराग सहसा जड, चिकट असतात, ते लांब उडत नाहीत.

शुक्रतारा · १३ मार्च, दुपारी ४:०५

आत्ताच खाली जाऊन बघून आले. डागांत बारीक बिया आहेत! आमच्या मागच्या कंपाउंडला लागून एक उंबर आहे. हा मुद्दा कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

खारेगाव_कट्टा · १३ मार्च, रात्री ९:००

कायद्याचं मी लिहितो, याच कामात असतो.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. महापालिका क्षेत्रात खासगी आवारातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. सोसायटीच्या सभेत ठराव बहुमताने झाला म्हणजे झाड तोडायचा अधिकार मिळाला, हा समज सरसकट आहे आणि चुकीचा आहे. ठरावाने फार तर अर्ज करता येतो. अर्ज आला की वृक्ष अधिकारी पाहणी करतात, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतात आणि झाडाच्या दर्शनी भागावर सूचना चिकटवतात. त्यावर कोणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. ताई, ठराव तुमच्या विरोधात गेला तरी तिथे तुमचा आवाज संपत नाही. झाडावर कागद लागला की लगेच लेखी हरकत द्या.

दुसरं, कायद्यातल्या "झाड तोडणे" या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. बुंध्याची साल गोल काढणं, मुळाशी ॲसिड ओतणं हे प्रकार रात्रीतून होतात. झाडाचे तारखेसह फोटो आत्ताच काढून ठेवा, बुंध्याचेही. फांद्या छाटायच्या तरी परवानगी घ्या.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं आणि त्यावरच्या झाडांना "हेरिटेज वृक्ष" म्हणून वेगळं स्थान मिळालं. आणि तोडायची परवानगी मिळालीच तर भरपाई म्हणून झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. तुमचं झाड तीस वर्षांचं धरलं तर तीस रोपं, आणि ती जगवायचीही. कमिटीला हे आधी सांगा. पुष्कळदा एवढ्यावरच विषय थांबतो.

बेलापूरची_मी · १४ मार्च, सकाळी १०:३०

आमच्या नवी मुंबईच्या नोडमधला (म्हणजे वसाहतीतला) अनुभव सांगते, कारण चुकीच्या जागी लावल्यावर काय होतं ते बघितलंय. रस्त्याच्या मधल्या अरुंद दुभाजकात मुचकुंदाची रांग लावली होती. पहिली काही वर्षं अप्रतिम दिसायची, वारा आला की पानांची पांढरी पाठ उलटायची आणि सगळी रांग रंग बदलायची. मग पदपथाचं काम निघालं, ठेकेदाराने बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं, पाणी मुरायला बोटभरही जागा ठेवली नाही. वरून दिव्यांच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या उडवल्या. एका पावसाळ्यात त्यातली दोन आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा, "हे झाडच ठिसूळ". ठिसूळ नव्हतं हो, त्याला उभं राहायलाच जागा ठेवली नव्हती. मला आजही तिथून जाताना राग येतो.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ताई, तुमच्या झाडाच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक आहेत का? असतील तर सभेत तेही मांडा. फुलांचा खच फरशीवर निसरडा होतो, मातीवर नाही. बुंध्याभोवती मातीचं मोठं आळं केलं तर निम्मा सडा तिथेच पडेल, तिथेच जिरेल.

शुक्रतारा · १४ मार्च, दुपारी १२:१०

आहेत. अगदी बुंध्यापर्यंत. मागच्या रंगकामाच्या वेळी बसवले. हे मांडतेच.

लांजेकर_ठाण्यात · १४ मार्च, रात्री ८:४५

थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमच्या लांजा तालुक्यात विशाळगडाजवळ माचाळ आहे, तिथे मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात आणि तिथूनच मुचकुंदी नदी निघते, पूर्णगडापाशी समुद्राला मिळते. भागवतातल्या दशमस्कंधातला मुचकुंद राजा, देवांच्या बाजूने लढून थकलेला, झोपेचा वर मागून गुहेत निजला. कृष्णाच्या मागे धावत आलेल्या कालयवनाने त्याला लाथ मारून उठवलं आणि त्याच्या नजरेने भस्म झाला. लहानपणी ही गोष्ट ऐकत त्या डोंगरावर चढायचो. झाड मात्र ठाण्यात आल्यावरच पाहिलं. पावसाळ्यात कुणी माचाळला जाणार असेल तर जरूर विचारा, वाट सांगेन.

कोलशेतकर · १५ मार्च, सकाळी ९:२०

सगळं वाचलं. खारेगाव_कट्टा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माझा एकच प्रश्न शिल्लक राहतो: फळ पडून नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची? सभेत याचं उत्तर द्यावं लागेल.

खारेगाव_कट्टा · १५ मार्च, सकाळी ११:०५

आवारातल्या झाडाची देखभाल सोसायटीचीच. म्हणून तर रीतसर परवानगीने वेळेवर छाटणी, पाहणीचा कागद फाइलला आणि झाडाखाली "वाहन उभे करू नये" अशी पाटी, या तीन गोष्टी लेखी असाव्यात. नुसतं झाडाच्या बाजूने किंवा विरोधात भांडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

शुक्रतारा · ३० मार्च, रात्री ९:५०

सभा झाली. सविस्तर लिहिते, कारण या धाग्यावरचा जवळजवळ प्रत्येक मुद्दा तिथे उपयोगी पडला.

आधीच्या शनिवारी रात्री सहा-सात जणांना गच्चीवर नेलं होतं. खजिनदार काका विरोधातले, तेही आले. वरून झाड कधी कुणी पाहिलंच नव्हतं. कळ्या उकलताना दिसल्या. पट्ट्या टोकाकडून सुटतात आणि हळूहळू मागे वळत जातात, मग एकदम वास येतो. तिथेच दोन वटवाघळं आली, क्षणभर फुलाला धरून लटकली आणि गेली. लहान मुलं तर कठडा सोडायला तयार नव्हती.

सभेत वाद झालाच. पाणी तुंबण्यावर बराच वेळ गेला आणि शेवटी असं निघालं की पन्हाळीच्या तोंडाची जाळी वर्षभर कुणी साफच केलेली नाही. डागांवर उंबराच्या बिया दाखवल्या. कायद्याचं वाचून दाखवल्यावर "काढणे" हा विषय मागे घेतला गेला, मतदान झालं नाही. ठरलं ते असं: पार्किंगच्या बाजूच्या दोन फांद्या हलक्या करण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, झाडाखालच्या तीन गाड्यांना पुढच्या बाजूला जागा, बुंध्याभोवतीचे पेव्हर काढून मातीचं आळं, आणि मावशींना हातमोजे, सदरे. तीन गाड्यांपैकी एका मालकांनी जागा बदलायला नकार दिलाय. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं माझी जागा तीच आहे. त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहोत. विषय पुढच्या वर्षी परत येऊ शकतो हे मला माहीत आहे.

आणि सह्यकडा, मागच्या कंपाउंडच्या मोकळ्या पट्ट्यात एक कौशी लावायला कमिटीने होकार दिलाय. रोप कुठे मिळेल?

सह्यकडा · ३० मार्च, रात्री १०:१५

वा! रोप शोधत बसू नका, बियांपासूनच करू. फळं उकलली की बिया कडेलाच लागलेल्या असतात, पण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काहीच उचलायचं नाही, हे पक्कं. बाहेर खासगी जमिनीवर माझ्या ओळखीच्यांकडे एक झाड आहे. बिया तयार झाल्या की तुम्हाला देतो. जून-जुलैत पिशवीत लावू, पुढच्या पावसाळ्यात जमिनीत.

गच्चीवरची_बाग · ३१ मार्च, सकाळी ८:४०

शुक्रताराताई, मनापासून अभिनंदन. मुचकुंदाच्या बिया मलाही मिळतील का? गावाला आमची मोठी जागा आहे, घरापासून लांब बांधावर लावीन.

शुक्रतारा · ३१ मार्च, सकाळी ९:३०

नक्की. बऱ्याच बिया उडून गेल्यात, पण अजून उकलायची बाकी असलेली काही फळं आहेत. उकललेलं एखादं पडलं की आतल्या बिया पंखासकट कागदी पाकिटात ठेवते. ताज्या असतानाच पेरा, फार दिवस ठेवू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वसंत विहारला येऊन घेऊन जा. रात्री आलात तर गच्चीवरही जाऊ.